हातात किती?

आमचा आणि वहिनींचा बंगला यांच्यामध्ये छातीएवढी भिंत आहे. निगडी प्राधिकरणात दोन्ही घरं एकाच वर्षी उभी राहिली, तेव्हा या भिंतीवर काचा लावायच्या की नाहीत यावर दोन्हीकडच्या पुरुषमंडळींच्या तीन बैठका झाल्या. काचा लागल्या नाहीत हे एक बरं झालं. तीस वर्षं त्या भिंतीवरून वाट्यांची ये-जा चालू आहे. वाटी रिकामी परत करायची नाही हा नियम दोघीही पाळतो, त्यामुळे मुळात देणं कोणाचं आणि घेणं कोणाचं याचा हिशोब कधीच मिटत नाही.

परवा सकाळी पलीकडून आलेल्या वाटीत दोन पेढे होते.

"कोणाकडचे हो?"

"कोपऱ्यावरच्या अण्णांकडचे. जावयाला नवी नोकरी लागली. पॅकेज चाळीस लाख." चाळीस लाख म्हणताना वहिनींनी आवाज इतका खाली आणला, की कुणाच्या तपासणीचा रिपोर्टच सांगताहेत असं वाटावं.

मी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "हातात किती?"

"हातात म्हणजे?"

"एक तारखेला बँकेत किती पडणार?"

"अहो ताई, पेढे वाटताना कोणी ते सांगतं का?"

सांगत नाहीत, तिथेच तर सगळं अडतं. मी भोसरीच्या एका कारखान्यात पगार विभागात होते, १९८७ ते २०२३. सुरुवातीची वर्षं सात तारखेला रोख पगार व्हायचा. पाकिटात नोटा, वर सुट्टी नाणी आणि पाकिटावर नाव. माणसांचे चेहरे आता विसरायला लागले, पण कोणाची किती कपात व्हायची ते अजून तोंडपाठ आहे. हळदीकुंकवाला एखादीने नवऱ्याचा पगार फुगवून सांगितला, तर मी मुकाट्याने वाण घ्यायचे आणि तिळगूळ चघळत बसायचे.

"त्या चाळिसातले बारा लाख शेअरचे आहेत," मी म्हणाले. "आमच्या ह्यांनी फिरायला जाताना अण्णांकडून काढून घेतलं. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार, तेही पहिलं वर्ष पुरं केलं तर. आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही."

"म्हणजे ते विकायचे कोणाला?"

"तेच तर."

"बाई गं! म्हणजे पेढे उधारीचे!" वहिनी मनापासून हसल्या. मग इकडे तिकडे बघून भिंतीला टेकल्या. "पण ताई, आमच्या मनूलाही नोकरीचं पत्र आलंय हो. हिंजवडीतलंच, दुसऱ्या कंपनीचं. चौदा लाख. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. हो म्हणून टाकते म्हणाली. जास्त मागणं बरं दिसत नाही म्हणे. आणि मागितलं आणि त्यांनी कागदच परत घेतला तर?"

"संध्याकाळी पाठवा तिला भिंतीपाशी. कागद घेऊन."

आमच्या बाजूच्या नळावर मावशी भांडी घासत होत्या. दोन्ही घरची धुणीभांडी त्यांच्याकडे आहेत, सकाळ-संध्याकाळ.

संध्याकाळी मनू भिंतीवर लॅपटॉप ठेवून उभी राहिली, मी वीजबिलाची पाठकोरी बाजू घेतली, आणि वहिनी पलीकडे मुळीच लक्ष नसल्यासारखा कढीपत्ता खुडत राहिल्या.

"१४ लाख भागिले १२, म्हणजे महिन्याला १ लाख १६ हजार ६६६," मनू म्हणाली.

"भागाकार बरोबर आहे, भाज्य चुकलंय. सीटीसी म्हणजे तू कंपनीला कितीला पडतेस तो आकडा. तुला किती मिळतं, ते वेगळं. आता आमच्या मावशींचंच बघ. महिन्याचे दोन हजार. वर, दिवाळीला एक पगार, एक साडी, रोजचा चहा. सगळं धरून मी सांगायला बसले, तर महिन्याला अडीच हजारांच्या वर जातं. ते माझं सीटीसी."

नळावरचा भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी का कोण जाणे, आंब्याकडे बघायला लागल्या. मला तेव्हा काहीच कळलं नाही. मी हिशोबात होते.

कागदावर मूळ पगार ७ लाख होता, बरोबर निम्मा. ते पाहून मला बरं वाटलं. पूर्वी मूळ पगार तीस-पस्तीस टक्के दाखवायचा आणि वर भत्त्यांचा पिसारा लावायचा ही जुनीच शक्कल. मूळ पगार कमी, म्हणजे पीएफही कमी आणि ग्रॅच्युइटीही कमी. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आता भत्ते निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरतात.

"आता वजाबाकी लिही. कंपनीचा पीएफ, मूळ पगाराच्या बारा टक्के, ८४ हजार. तो तुझाच, पण खात्यात बसणार. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ३३ हजार ६७०."

"हा ४.८१ कुठून येतो, काकू?"

"वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. पंधराला सव्विसाने भाग, मग बाराने. १९७२ च्या कायद्यातून आलेलं सूत्र आहे. पाच वर्षं काढलीस तर ती मिळणार; ठरावीक मुदतीच्या करारावर असतीस, तर आता वर्षभरानेही मिळते. तुझं पाच वर्षं टिकायचं मन आहे का?"

मनूने आईकडे बघितलं आणि उत्तर दिलं नाही.

"विम्याचा हप्ता १२ हजार ३३०. आणि व्हेरिएबल १ लाख ४० हजार. हे कंपनीचं आणि तुझं बरं चाललं तर. गेल्या वर्षी त्यांनी लोकांना त्यातलं किती दिलं, ते विचारलंस?"

"असं विचारतात?"

"नवरदेव काय करतो ते विचारतो ना आपण? मग. हे सगळं मिळून २ लाख ७० हजार. उरले ११ लाख ३० हजार. महिन्याला ९४ हजार १६७. त्यातून तुझ्या वाटणीचा पीएफ ७ हजार आणि व्यवसाय कर २००. फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० बरोबर होतात. हातात किती?"

"८६ हजार ९६७."

कढीपत्त्याची फांदी मोडल्याचा आवाज आला. "अगं, लाखाच्या आतच की हे!" वहिनी म्हणाल्या. "मी जाऊबाईंना सव्वा लाख सांगून बसले!"

"कंपनीने १५ हजारांच्या मर्यादेवरच पीएफ कापला असता, तर महिन्याला १,८०० च गेले असते आणि हातात जास्त दिसलं असतं," मी म्हणाले. "पण म्हातारपणी हात रिकामा राहिला असता. तेव्हा या कपातीवर रागवू नका. राग धरायचा तर त्या व्हेरिएबलवर धरा."

मनूचं म्हणणं असं, की एचआरच्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय: सध्याच्या १० लाख ८० हजारांवर जवळपास तीस टक्के दिलेत, आमच्याकडची हीच बेस्ट ऑफर.

"ती तसं म्हणणारच. तिचं कामच आहे ते. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे, मनू. मंजूर आकडा एक असायचा, पत्रातला दुसरा. साहेब सांगायचे, 'अमुकपर्यंत जा.' समोरच्याने तोंड उघडलं नाही, तर मधलं अंतर वाचायचं. त्याला आमच्याकडे कोणी चोरी म्हणत नव्हतं, बचत म्हणायचे. आणि तीस टक्के कशावर? तुझ्या जुन्या पगारावर. तिथे तुला कमी मिळत होतं म्हणून इथेही कमी घ्यायचं? काम नवं, तर भाव नव्या कामाचा. तिथे तेच काम करणाऱ्यांना काय मिळतं?"

"दोन मैत्रिणींना विचारलं. पंधरा-सोळा म्हणाल्या."

"मैत्रिणींना पगार विचारलास?" वहिनींचा हात तोंडावर गेला.

"सोन्याचा भाव आपण रस्त्यात भेटलेल्या बाईला विचारतो, वहिनी. हा तर स्वतःचा भाव."

मग मला माझी गोष्ट सांगावी लागली. ती मी सहसा सांगत नाही. १९८७ च्या जूनमध्ये मी कारखान्यात लागले, त्याच दिवशी आणखी एक मुलगा लागला. टायपिंग दोघांचं सारखं, पदवी सारखी, बसायची टेबलं शेजारी. साहेबांनी विचारलं, "मूळ पगार नऊशे. चालेल ना?" मी म्हणाले, "हो सर, थँक्यू सर." घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. तो मुलगा म्हणाला, "सर, थोडं वाढवता आलं तर बघा. मी रोज तळेगावहून येणार." एवढंच बोलला. त्याला एक हजार पन्नास मिळाले. मी रोज चाकणहून येत होते.

"मग तू का नाही बोललीस?" असं मला कोणी विचारलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. मला कळलं ते पाकिटं भरताना. दीडशे रुपये! लहानसा आकडा, दोन साड्या आल्या असत्या फार तर. पण वाढ टक्क्यांनी होते. दरसाल आठ टक्के धरले, तर छत्तीस वर्षांत त्या दीडशेचे महिन्याला २,३९५ होतात. आणि ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात, म्हणजे एकट्या ग्रॅच्युइटीत जवळजवळ ५० हजारांचं अंतर. हा हिशोब मी निवृत्त झाले त्या रात्री केला आणि आमच्या ह्यांनाही दाखवला नाही.

भिंतीपलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मनूने लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा उघडला.

"सोळा मागू?"

"थांब. इथे एक खड्डा आहे. नव्या करपद्धतीत १ एप्रिल २०२५ पासून पगारदाराला पाऊण लाखाची सरसकट वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर शून्य. आणि १३ लाख ७५ हजारांना किती?"

मनूने आकडे टाकले. तिचे डोळे मोठे झाले. "७८ हजार!"

"म्हणजे वाढलेल्या लाखातले आपल्याला उरले २२ हजार. त्याच्या पुढे गेलीस की गाडी पुन्हा नीट चालते, पण नेमका तुझा आकडा त्या खड्ड्याच्या काठावर आहे. पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा सोडला, तर व्हेरिएबल धरून तुझे १२ लाख ७० हजार. लाखभर वाढवून मागशील आणि सरकारला वाढशील."

"मग मागायचंच नाही का?" वहिनींना जरा सुटल्यासारखं झालं.

"मागायचं, पण कुठल्या कप्प्यात ते सांगून मागायचं. कंपनी तिच्या वाटणीतून एनपीएसमध्ये, म्हणजे पेन्शनच्या खात्यात, भरते, ते मूळ पगाराच्या चौदा टक्क्यांपर्यंत नव्या पद्धतीतही करातून वगळतात. तुझ्या मूळ पगारावर ९८ हजारांपर्यंत जागा आहे. पैसा लगेच हाताला लागत नाही हे खरं, पण कर लागत नाही हेही खरं. आणि व्हेरिएबलमधला काही भाग दरमहाच्या पगारात आणायला सांग. तो आणला तर एकूण आकडा तोच राहतो, कर तोच राहतो, फक्त 'मिळेल' चं 'मिळतं' होतं."

वहिनींना आता रंग चढला होता. "नव्या कागदातल्या नोटीसचंही विचार गं. नव्वद दिवस म्हणजे काय, लग्न ठरून पार पडतं तेवढ्यात."

"विचार. शिवाय ते तुला तीस दिवसांत बोलावताहेत आणि तुझ्या आत्ताच्या कंपनीची नोटीस नव्वद दिवसांची. थांबणार का, ते लेखी घे. आणि जॉइनिंग बोनस देतो म्हणाले, तर आधी वाच: वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा असतो बहुतेक वेळा. त्यावर पेढे वाटू नका."

"हे सगळं फोनवर बोलू?"

"फोनवर गोड बोल, मागणी मेलवर कर. लग्नात याद्या कशाला करतात? तोंडी ठरलेले मानपान मांडवात कोणाला आठवत नाहीत म्हणून. आणि मुद्दे एकदमच सांग. आज एक, उद्या दुसरा असं केलंस, की समोरचा कंटाळतो आणि त्याचं बरोबरच असतं."

"आणि कागद परत घेतला तर?" हा प्रश्न वहिनींचा, तिसऱ्यांदा.

"सभ्यपणे एकदा विचारल्यावर जी कंपनी कागद परत घेते, ती आत गेल्यावर रजा तरी देईल का? पण मनू, सही झालेलं पत्र येईपर्यंत इकडे राजीनामा टाकायचा नाही. धीर वेगळा आणि आगाऊपणा वेगळा."

मेल मनूनेच लिहिली. इंग्रजीत होती, मराठीत तिचा अर्थ एवढाच: तुमच्याकडे यायची माझी इच्छा आहे. या कामाला बाजारात पंधरा ते सोळा लाख मिळतात. एकूण साडेपंधरा करावेत, वाढीचा भाग एनपीएसमध्ये चालेल, व्हेरिएबल निम्मं करून उरलेलं दरमहा द्यावं, नोटीस साठ दिवसांची असावी आणि रुजू व्हायला नव्वद दिवस मिळावेत. तिने शेवटी लिहिलं होतं, 'त्रास दिल्याबद्दल माफ करा.' ते मी खोडायला लावलं. त्रास कसला? भाजीवाल्याकडून पाच रुपये कमी करून घेताना वहिनी कधी माफी मागत नाहीत.

उत्तर आलं, 'आत बोलून कळवतो.' मग दोन दिवस वहिनींच्या घरी जेवणात मीठ कमी-जास्त होत होतं. गुरुवारी त्या मला म्हणाल्यासुद्धा, "ताई, उगीच तुमच्याकडे पाठवली हो." मी वाटीत कैरीचं लोणचं घालून दिलं. दुसरं काय करणार?

शुक्रवारी साडेचारला मनूचा फोन आला, आणि वहिनी भिंतीपाशी धावत आल्या, पायात चप्पल नाही. साडेपंधरा नाही दिले. एकूण १४ लाख ७५ हजार. वाढलेले ७५ हजार एनपीएसमध्ये. व्हेरिएबल निम्मं, म्हणजे ७० हजार. उरलेले ७० हजार दरमहाच्या पगारात. नव्वद दिवस थांबायला तयार. नोटीस मात्र नव्वदच, सगळ्यांना तोच नियम.

"आणि हातात किती?" मी विचारलं.

"९२ हजार ८००!" वहिनी अशा काही म्हणाल्या, की अण्णांच्या घरापर्यंत जावं. महिन्याला ५,८३३ जास्त, आणि कर होता तेवढाच, म्हणजे शून्य. एका मेलचे. पेढे आले ते वाटीतून नव्हे, अख्खं खोकं आलं.

सोमवारी सकाळी मी खोकं रिकामं करत होते, तेव्हा मावशी नळ बंद करून पायरीशी येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, माझं बी जरा बोलायचं होतं."

"बोला की."

"तीन वर्सं झाली. दोन हजारच हाईत. अडीच करा."

"अहो मावशी, पण दिवाळीचा पगार असतो, साडी असते, रोजचा चहा…"

"ते धरू नका ताई," मावशी शांतपणे म्हणाल्या. "ते तुमचं शिटीशी. हातात किती, ते बोला."

मी पेढा खाली ठेवला. मावशींनी भिंतीकडे मान वळवली. "पलीकडल्या ताई तेवीसशे देत्यात. भांडी तेवढीच, फरशी तेवढीच."

भिंतीपलीकडे फक्त वहिनींची पाठ दिसत होती. गेल्या आठवड्यातच ओरबाडलेल्या कढीपत्त्याला पुन्हा खुडत होत्या. तीनशे रुपये! आणि मी १९८७ चे दीडशे अजून मनात घेऊन बसलेली.

"घरात बोलून सांगते," माझ्या तोंडून गेलं.

मावशींनी पदराला हात पुसले. "सांगा की सावकाश. शुक्रवारपर्यंत."